अडीच फुटांवरून कोल्हापूर

पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायची यादी प्रत्येक घरात ठरलेली असते. सकाळी अंबाबाई, मग भवानी मंडप, न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, त्यानंतर जोतिबा आणि पन्हाळा, परतीला रंकाळा आणि भेळ. मोठ्यांना हे सगळं एका दिवसात पेलतं. सोबत एक ते तीन वर्षांचं पोर असेल, तर हीच यादी दुपारी बाराच्या सुमारास मोडते, आणि ती बहुतेक वेळा दर्शनाच्या रांगेतच मोडते. पोर भुकेलेलं असतं, झोपेला आलेलं असतं, पायाखालची फरशी तापलेली असते आणि मागेही जाता येत नाही, पुढेही नाही.

म्हणून आधी झोपेचं गणित मांडायचं, ठिकाणं त्यानंतर. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत साधारण 11 ते 14 तास झोप लागते, त्यातली दीड-दोन तास दुपारी. बहुतेक पोरं दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांवरून एका झोपेवर येतात आणि ती झोप साडेबारा-एकला लागते. म्हणजे फिरायला हातात उरतात दोन तुकडे: सकाळी सात ते अकरा आणि दुपारी साडेचार ते संध्याकाळी साडेसात. एका तुकड्यात एकच ठिकाण. दोन बसवली की दुसरं ठिकाण रडण्यातच जातं. मधला वेळ घर, नातेवाइकांचा दिवाणखाना नाहीतर लॉजची खोली. गाडीतली झोप या हिशेबात धरू नका. पन्हाळ्याहून परतताना पोर गाडीत तीस-चाळीस मिनिटं झोपतं, दारात उचलून घेतलं की जागं होतं आणि मग संध्याकाळपर्यंत ना झोप ना खेळ.

बाबागाडीबद्दल एकदाच सांगून टाकतो. जुन्या पेठांत ती ओझं होते. महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, गुजरी या भागात फूटपाथ असलाच तर दुकानांच्या मालाने भरलेला असतो आणि मंदिरात तर उंबरे आणि पायऱ्याच. तिथे पोटाशी बांधायचा बेबी कॅरिअर नाहीतर आजीची साडीची झोळीच कामाची. कॅरिअरमध्ये मुलाचे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आणि मांड्यांना खालून पूर्ण आधार हवा. पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर तो कॅरिअर लहान मुलाच्या खुब्यांना बरा नाही. बाबागाडी घ्यायचीच तर रंकाळ्याचा फिरण्याचा मार्ग आणि न्यू पॅलेसची बाग, एवढ्यासाठी गाडीच्या डिकीत असू द्या.

अंबाबाई

मंदिर पहाटेच उघडतं. लहान मूल घेऊन जायचं तर सातच्या आत आवारात असावं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि सुट्टीचे दिवस सोडलेले बरे. नवरात्रात तर नकोच. किरणोत्सवाचंही तेच. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसंच 9, 10 आणि 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वाराच्या दिशेने आत शिरून देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. सोहळा बघण्यासारखाच आहे. पण तो काही मिनिटांचा, संध्याकाळचा, खचाखच गर्दीतला आणि ढग आले तर न होणारा. दोन वर्षांच्या पोराला त्यातलं काहीच दिसत नाही, दिसतात फक्त लोकांच्या पाठी.

बिंदू चौकात गाडी लावून चालत गेलं तर पोराचे पाय मोकळे होतात आणि वाटेत भवानी मंडपही लागतो. गर्भागाराच्या रांगेत उभं राहायचं की लांबूनच मुखदर्शन घ्यायचं, हा निर्णय घरीच करा. रांगेत लागल्यावर तो वाद होतो. आमचं मत स्पष्ट आहे: पोर सोबत असताना मुखदर्शन. आजी-आजोबांना रांगेतच जायचं असेल तर दोघांनी रांग धरावी, एकाने पोराला घेऊन आवारात फिरावं. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं, दीपमाळा, कबुतरं, घंटा यांत पाऊण तास सहज जातो, आणि खरं तर मंदिर बघून होतं ते त्याच पाऊण तासात.

आत जाताना पोराला खांद्यावर बसवू नका. जुन्या दगडी चौकटी मोठ्या माणसाला पुरतात, पण त्याच्या खांद्यावर बसलेल्या मुलाच्या कपाळाला लागतात. कडेवर किंवा पोटाशी घ्या. मोजे घालून फरशीवर सोडू नका. शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या आणि पाण्याने ओल्या दगडावर मोजे घसरतात, अनवाणी पाऊल पकड घेतं. मार्च ते मे या काळात दहानंतर आवारातला काळा दगड तापायला लागतो. मोठ्यांच्या टाचा जाड असतात, त्यांना कळायला उशीर होतो. हाताचा तळवा दगडावर पाच सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर पोराला खाली सोडू नका. गळ्यातली साखळी, हातातले सैल वाळे घरी काढून ठेवा.

आता एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. ओटीच्या ताटात कापूर असतो. पांढऱ्या चौकोनी वड्या, शेजारी खडीसाखर. पोराला दोन्ही सारख्याच. कापूर पोटात गेला तर थोड्याशानेही लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ताट मोठ्यांच्या हातात ठेवा, मांडीवर नाही. कापूर घ्यायचाच तर खिशात वेगळा बांधून घ्या. पोराने तोंडात घातलाच, तर उरलेला बोटाने काढा, उलटी करवू नका आणि थेट दवाखाना गाठा. जवळचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), दसरा चौकाच्या बाजूला. रुग्णवाहिकेसाठी 108.

भवानी मंडपात मोकळी जागा आहे, तिथे पोराला पळू द्या. पुढे खासबाग मैदान चालत गाठता येतं. शाहू महाराजांनी उभं केलेलं हे कुस्तीचं मैदान 1912 साली सुरू झालं. मध्ये खोलगट हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे लांबवरच्या माणसालाही कुस्ती दिसते. कुस्ती नसताना हीच बैठक पोरांना चढ-उताराचा खेळ वाटते. पण ती उतरती आहे आणि कठडे नाहीत, तेव्हा मोठ्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहायचं, मागे नाही. तांबडी माती दिसली की पोर त्यात उतरणारच. हौदाची माती पैलवानाला देवासारखी असते. तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती तयार केलेली असते. पायात बूट असतील तर आत सोडू नका, आणि तालमीतलं कुणी तिथे असेल तर आधी विचारा. नुसतं विचारलं तरी बहुतेक वेळा पोराच्या कपाळाला मातीचा टिळा लागतो.

न्यू पॅलेस, टाऊन हॉल आणि रंकाळा

न्यू पॅलेस 1877 ते 1884 या काळात बांधला गेला. वास्तुविशारद मेजर मँट. आतल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रं, पोशाख, दरबार हॉल आणि शिकारीतले भुसा भरलेले प्राणी आहेत. या प्राण्यांपाशी पोरं दोन प्रकारची असतात. एक प्रकार काचेला नाक लावून उभा राहतो, दुसरा कडेवरून उतरायलाच तयार नसतो. दुसऱ्या प्रकाराची जबरदस्ती करू नका, रात्री झोपेत वाघ येतो. आत फोटो काढायला मनाई आहे, म्हणून पोराच्या हातात खेळायला मोबाइल देऊन आत शिरू नका, काढून घेताना दरबार हॉलमध्येच दरबार भरतो. संग्रहालयाला अर्धा तास पुरे. बाकीचा वेळ बाहेर: हरणं, पक्षी, झाडं, घड्याळाचा मनोरा. जाण्याआधी त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे का, एवढं फोन करून विचारा. दारातून परत फिरणं मोठ्यांना चालतं, पोराला चालत नाही.

टाऊन हॉलचं संग्रहालय त्याहून लहान, आणि त्यामुळेच पोरासोबत जास्त सोयीचं. इमारत 1870च्या दशकातली, तीही मँटचीच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू इथे आहेत. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठाचा रोमन जगाशी व्यापार होता त्याची खूण. पोराला त्याचं काही नाही. त्याला भोवतालच्या बागेतली जुनी झाडं आणि तोफा हव्या असतात. एक माणूस आत, एक बाहेर, दहा मिनिटांनी अदलाबदल. अशा जोडीने कुठलंही संग्रहालय निभतं.

रंकाळा संध्याकाळचा. चौपाटीवर उन्हं उतरली की गर्दी वाढते, म्हणून पाचला पोहोचा आणि दिवे लागायच्या सुमाराला निघा. दिवेलागणीला डास येतात, पाऊल झाकणारी सुती विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. काठावर सलग कठडा आहे असं गृहीत धरू नका. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं, शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि केंदाळ (जलपर्णी) दाटलं असेल तर पोराला ती हिरवळ वाटते. पाण्याच्या हाताच्या अंतरावर असताना हात धरलेला हवा, लक्ष ठेवून भागत नाही.

नौकाविहार करायचा तर जॅकेटचा प्रश्न. मोठ्यांचं लाइफ जॅकेट लहान मुलाला घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. चाचणी सोपी आहे: जॅकेटचे पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत जात असेल तर मोठं आहे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो नसेल तर नको. मापाचं जॅकेट मिळालं नाही तर नाव काठावरूनच बघायची. वाईट वाटतं ते मोठ्यांनाच, पोर फुगेवाल्याकडे कधीच वळलेलं असतं.

पन्हाळा

शहरापासून साधारण 20 किलोमीटर आणि गडावर थेट गाडी जाते, त्यामुळे लहान मुलासाठी याहून सोयीचा किल्ला सापडणं अवघड. 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीतून पन्हाळा जागतिक वारसा ठरला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांगही वाढलेली आहे. आठच्या आत वर पोहोचा.

सगळा गड बघायचा नाही. दोन जागा निवडायच्या: अंबरखाना आणि तीन दरवाजा. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं म्हणजे उंच कमानींच्या, थंडगार, अंधाऱ्या दगडी खोल्या. तिथे पोराने एकदा "आ" केलं की भिंती "आ" करतात. पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही करावं लागत नाही. डोळे उजेडाला सरावलेले असल्यामुळे आत शिरताना दारातच मिनिटभर थांबा, पोर घाबरत नाही. बाहेरून छतावर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांकडे मात्र पाठ करून उभे राहू नका. तीन दरवाज्यात सावली, वारा आणि कोरीव दगड, शिवाय सपाट जागा. शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), हत्ती, फुलं शोधायचा खेळ दोन वर्षांच्या मुलालाही जमतो, दगडावर बोट ठेवून दाखवायचं एवढंच.

अंधार बाव टाळा. तीन मजली विहीर, आत उतरत्या अंधाऱ्या पायऱ्या, पावसाळ्यात ओल. पोर कडेवर असेल तर आपलीच पावलं दिसत नाहीत. सज्जा कोठीवर वरच्या मजल्याचे सज्जे दरीवर उघडतात. जायचं तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त पोराचा हात धरणं, त्याच्याकडे कॅमेरा नको. तटाच्या कडेने बसून झुणका-भाकर खाताना माकडांचं लक्ष पोराच्या हातातल्या केळ्याकडे असतं. केळं गाडीत खाऊ घाला.

गडावर वारा शहरापेक्षा बराच जास्त असतो. कानावर बांधता येणारी टोपी, आणि हिवाळ्यात सकाळी एक जादा स्वेटर. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं उतरतं की दहा पावलांवरचं दिसत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय ठेवा: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पंचगंगा इशाऱ्याच्या वर गेली की पन्हाळ्याच्या वाटेवर, केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी येण्याची शक्यता असते. वर अडकलात तर सोबतीला दूध नाही, डायपर नाही, आणि परतीचा रस्ता लांबून. अशा दिवशी गड रद्द.

जोतिबा त्याच वाटेवर, पण तिथे गुलाल उधळतात. लहान मुलाच्या डोळ्यांत आणि छातीत तो जातो. चैत्र यात्रा सोडून एखाद्या शांत दिवशी, सकाळी जा. गुलाल डोळ्यांत गेलाच तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने धुवत राहा. कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय पोरांना फारच आवडतं: पूर्ण आकाराचे बैल, गाई, कुंभार, न्हावी, सगळं गाव. फक्त चक्कर मोठी आहे आणि बराच भाग उघड्यावर. एप्रिल-मेमध्ये दुपारी नेऊ नका.

खाणं

कोल्हापुरात पोराचं जेवण ही अडचण नाही, सवयीचा भाग आहे. मिसळीच्या ठिकाणी पाव आणि दही मिळतं, मटणाच्या खानावळीत भात मिळतो. तिखट घालून मग दही कालवण्यापेक्षा बसल्या बसल्याच सांगा: "एक वाटी साधा भात, तूप वेगळं." पांढरा रस्सा लाल नाही म्हणून सौम्य असतो, असं बाहेरचे लोक समजतात. त्यात मिरी, आलं, लसूण, लवंग असते, शिवाय तीळ, खसखस, काजू यांपैकी काही ना काही वाटलेलं असतं. त्यातलं एखादं पोराने आधी खाल्लेलं नसेल, तर पहिला प्रयोग घरापासून लांब करू नये. लोणी डोसा हे पोराचं हक्काचं खाणं, चटणी बाजूला ठेवून.

भडंगातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि उसाची कांडी चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, श्वासनळीत अडकतात. भडंगातले चुरमुरे निवडून दिले तर चालतात, तेही तिखट झटकून.

दूध कट्ट्याबद्दल थोडं कडक बोलावं लागतं. संध्याकाळी म्हैस समोर पिळून फेसाळतं धारोष्ण दूध पिणं ही कोल्हापूरची शान आहे आणि मोठ्यांनी ती जरूर भोगावी. लहान मुलाला मात्र कच्चं दूध देऊ नये. ताजेपणाने जंतू मरत नाहीत, उकळल्याने मरतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना त्यातून होणारा जुलाब किंवा ताप मोठ्यांपेक्षा जास्त जड जातो. तिथलं दूध भांड्यात घेऊन घरी जा, उकळी आणा, निववा, मग द्या. म्हैस बघायला मात्र न्याच.

हिवाळ्यात गुऱ्हाळघर बघायला नेतात. रस उकळत असलेली काहील जमिनीपासून फार उंच नसते, आणि गूळ उतरवताना पाक 118 अंशांच्या आसपास असतो, उकळत्या पाण्याहूनही गरम आणि अंगाला चिकटणारा. पोर कडेवरून खाली उतरवायचंच नाही, आणि जळणाच्या धुराच्या उलट्या बाजूला उभं राहायचं. गार झालेली काकवी बोटावर चाटवली की त्याची भेट पूर्ण.

पिशवीत ओआरएसची पुडी असू द्या. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटी 200 मिलीमध्ये. अर्ध्या पुडीचा अंदाज करू नये. कमी पाण्यात केलेलं घट्ट द्रावण पोराला आणखी कोरडं पाडतं. 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. जुन्या ठिकाणी डायपर बदलायला फळी मिळत नाही, गाडीची मागची सीट हीच खोली. एक चटई, दोन पिशव्या, एक जादा कपडा.

आणि दुचाकी. कोल्हापूर दुचाकीवर चालतं, पोरं टाकीवर उभी असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. 2023 पासून नियम असा आहे की चार वर्षांखालच्या मुलाला चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्याला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. शहरातलं अंतर एवढंसं आहे की रिक्षा परवडते.

गर्दीत जाण्याआधी पोराच्या मनगटावर पेनाने मोबाइल नंबर लिहा, आतल्या बाजूला, म्हणजे घामाने लवकर पुसत नाही. हरवलं तर 112, मुलांसाठीची मदतवाहिनी 1098.

शेवटी चपला. शिवाजी चौकाकडच्या चप्पल लाईनमध्ये बोटभर कोल्हापुरी बघितल्या की आत्या-मावशीला राहवत नाही. नव्या चामड्याचा तळ कडक असतो, चालायला नुकतंच शिकलेल्या पावलाला तो वाकू देत नाही. दोन वर्षांच्या आत घेऊ नका. त्यानंतर घ्यायची तर मागे पट्टी असलेली जोडी बघा, नुसत्या अंगठ्यावर ती पायात टिकत नाही. पुढे बोटभर जागा ठेवा, पट्ट्यांना आतून खोबरेल चोळून दोन रात्री मुरू द्या. पहिले आठ दिवस घरातच, फरशीवर, दहा-दहा मिनिटं. पावसात अजिबात नाही.